फ्रान्सला पेस्ट्री शिकायला निघालेल्यांसाठी

“कोणती शाळा चांगली?” हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि त्यावर माझा उलट प्रश्न ठरलेला आहे: शिकून झाल्यावर राहायचंय कुठे? तिथेच, की परत इकडे? बरीच मुलं इथे अडखळतात. शाळेचं चकचकीत स्वयंपाकघर त्यांनी रील्समध्ये पाहिलेलं असतं, पण तिथून मिळणाऱ्या कागदावर पुढे काय मिळतं याची चौकशी केलेली नसते. मी नाशिकची. हॉटेल मॅनेजमेंट करून पॅरिसला पेस्ट्री शिकले, तिथे स्ताज म्हणजे इंटर्नशिप केली आणि परत आले. ज्यांच्या घरी सध्या बँकेच्या कर्जाची बोलणी चालू आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

ढोबळमानाने वाटा दोन. पहिली, खासगी शाळांचे इंग्रजीतले अभ्यासक्रम. १८९५ पासून चालू असलेलं ल कोर्दों ब्लू आहे, तिथे शेफ फ्रेंचमध्ये शिकवतात आणि दुभाषी ते इंग्रजीत सांगतो. पॅरिसमध्येच फेरांदी आहे. ईसांजो नावाच्या लहानशा गावात राष्ट्रीय पेस्ट्री शाळा आहे, ती आता ‘एकोल दुकास’ या नावाखाली चालते. अशा नामांकित ठिकाणच्या मोठ्या अभ्यासक्रमांची फी साधारण २० ते ३० हजार युरोंच्या घरात जाते, म्हणजे राहण्याखाण्याआधीच वीस लाखांच्या पुढे. दुसरी वाट म्हणजे ‘सेआपे पातिसिए’, फ्रेंच सरकारचा मूलभूत व्यावसायिक डिप्लोमा. तो तिथली सोळा-सतरा वर्षांची मुलं करतात, तसाच नोकरी सोडून आलेले चाळिशीतले वकीलही करतात. फ्रान्समध्ये स्वतःचं पेस्ट्रीचं दुकान काढायचं तर हा डिप्लोमा किंवा त्याच्या तोडीची पात्रता लागते, नाहीतर तीन वर्षांचा कामाचा अनुभव. गल्लीतला दुकानदार सीव्हीवर आधी हेच शोधतो. अडचण एकच, सगळं फ्रेंचमध्ये: लेखी परीक्षा, स्वच्छतेचे नियम, तोंडी प्रश्न, सगळंच.

आता मुलं हमखास विसरतात तो मुद्दा. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधण्यासाठी फ्रान्समध्ये थांबण्याचा जो परवाना मिळतो, तो मुख्यतः मास्टर्स किंवा लिसाँस प्रोफेशनेल (व्यावसायिक पदवी) अशा पदव्यांवर मिळतो. नऊ महिन्यांच्या खासगी सर्टिफिकेटवर, मग त्यावर कितीही मोठं नाव असो, तो मिळेल असं गृहीत धरू नका. एजंट याबद्दल मोघम बोलतात. “तिकडे गेल्यावर बघू” हे वाक्य कानावर आलं की खुर्ची मागे सारून उठावं. राहायचं असेल तर सेआपे, त्यानंतर मालकाने देऊ केलेली नोकरी आणि त्या आधारे बदललेला परवाना, हा लांबचा पण खरा रस्ता. शिकून परत यायचं असेल तर खासगी शाळा चालेल, फक्त एक अट: अभ्यासक्रमात दीर्घ स्ताज हवा. असं का, ते पुढे येईलच.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. अर्ज कॅम्पस फ्रान्स या फ्रेंच सरकारी संस्थेमार्फत होतो, मुलाखत होते, मग व्हिसा. मी गेले तेव्हा महिन्याला किमान ६१५ युरो खर्चायची ऐपत दाखवावी लागत होती. पॅरिसमध्ये तेवढ्यात भागत नाही, खोलीचं भाडंच त्यातला बहुतेक भाग खातं. पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत व्हिसा ऑनलाइन वैध करून घ्यावा लागतो, आरोग्य विम्याची सरकारी नोंदणी करावी लागते. विद्यार्थ्याला वर्षाला ९६४ तासांपर्यंत नोकरी करता येते. घरमालक जामीनदार मागतो आणि आपला जामीनदार देणार कोण? त्यासाठी ‘विझाल’ नावाची सरकारमान्य मोफत हमी आहे, तिचा अर्ज खोली शोधायला लागण्याआधीच भरा.

भाषेची तयारी मात्र इथूनच करून जा. इंग्रजी अभ्यासक्रमाला फ्रेंचची अट नसली तरी किमान ए-टू (रोजच्या साध्या बोलण्यापुरती) पातळी, आणि सेआपेसाठी त्याच्या वरची बी-वन. पुण्यात आणि मुंबईत आलियाँस फ्राँसेजचे वर्ग आहेत. पुस्तकी फ्रेंचच्या जोडीला कामाचे शब्द वेगळे पाठ करावेत, कारण ते पाठ्यपुस्तकात नसतात. पेस्ट्रीच्या स्वयंपाकघराला ‘लाबो’ म्हणतात. गोल बुडाचं स्टीलचं भांडं ‘क्यू द पूल’, रबरी उलथणं ‘मारीझ’, पीठ खरवडायची प्लास्टिकची पट्टी ‘कोर्न’, क्रीमची पिशवी ‘पोश’, तिचं तोंड ‘दुय’, भांडी घासायची जागा ‘प्लाँज’. गरम ट्रे घेऊन कुणी मागून येत असेल तर “शो!” असं ओरडतो, आणि तेव्हा तुम्ही शब्दकोश उघडत बसलात तर कोपर भाजतं.

वर्गात सकाळी प्रात्यक्षिक आणि दुपारी तेच आपण करायचं, अशी साधारण रीत. पहिला धक्का बसतो वजनकाट्याचा. कप, चमचा, ‘अंदाजे’ हे सगळं बंद. अंडीसुद्धा ग्रॅममध्ये: एक अंडं म्हणजे ५० ग्रॅम, त्यात बलक २० आणि पांढरं ३०. फोडायचं, फेटायचं आणि मोजून घ्यायचं. दूधही बहुतेक वेळा वजनावरच. मैद्याचे प्रकार तो जाळल्यावर उरणाऱ्या राखेच्या प्रमाणावरून ठरतात. टी-४५ सगळ्यात पांढरा, टी-५५ रोजच्या कामाचा, टी-६५ ब्रेडकडे झुकणारा. काळं चॉकलेट ५० ते ५५ अंशांवर वितळवायचं, २८ च्या आसपास उतरवायचं आणि ३१-३२ वर काम करायचं. अंश चुकला की कवचाला चमक येत नाही, वर पांढरे डाग उमटतात आणि बोट लावलं की ते विरघळतं. हे आकडे आठवड्याभरात पाठ होतात.

पाठांतराने येत नाही ते क्रुआसाँ. खमीर घातलेल्या पिठात लोण्याची लादी गुंडाळायची, लाटायचं, तीन पदरी घडी घालायची, थंड करायचं, पुन्हा लाटायचं. अशी घडी तीनदा घातली की लोण्याचे २७ थर होतात. त्यासाठीचं लोणी वेगळं असतं, ८४ टक्के स्निग्धांशाचं, कारण त्यात पाणी कमी आणि ते वाकवलं तरी तुटत नाही. आमच्या वर्गात ही गोष्ट मला सगळ्यांच्या आधी उमगली आणि त्याचं श्रेय आजीच्या पुरणपोळीला. पुरण आणि कणीक सारख्याच मऊपणाची असली तरच पोळी कडेपर्यंत भरते. इथेही तसंच: लोणी कडक असेल तर आत त्याचे तुकडे पडतात, फार मऊ असेल तर ते पिठात मुरतं आणि थर राहतच नाहीत. फुगवायच्या कपाटाचं तापमान २६-२७ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, नाहीतर भट्टीत जाण्याआधीच लोणी पाझरायला लागतं. बोटांना हे सगळं कळायला वेळ लागतो. शाळेत प्रत्येक पदार्थ एकदा, फार तर दोनदा होतो, म्हणजे तो कसा करतात हे समजतं. करता येणं ही पुढची गोष्ट.

शाकाहारी मुलांना आधीच सांगते. अंडं न खाणाऱ्याने हा अभ्यासक्रम घेऊ नये. क्रीम, स्पंज, शू (एक्लेरचं पोकळ कवच), मॅकरॉन सगळं अंड्यावर उभं आहे आणि चव घेणं हा कामाचा भाग आहे. जिलेटिनचा प्रश्न वेगळा. ते तिथे बहुतेक वेळा डुकराचं असतं, मूस आणि चकचकीत ग्लेझमध्ये हटकून येतं. गोमांसाचं किंवा माशाचं जिलेटिनही मिळतं, पण शाळा एका मुलासाठी कृती बदलत नाही. आमच्याबरोबरची काही मुलं पदार्थ स्वतः करायची, फक्त तो घटक चाखायची नाहीत, आणि शेफना हे पहिल्या दिवशी स्पष्ट सांगितलेलं असलं की त्यावरून कटकट व्हायची नाही. रम आणि किर्श या चेरीच्या दारूचंही तेच.

आता स्ताज. माझ्या मते फ्रान्सला जायचं ते यासाठी. पाककृती काय, आज कुठेही मिळतात. मालक, विद्यार्थी आणि शाळा अशा तिघांच्या सह्यांचा करार असतो, त्याशिवाय कुणी दारात उभं करत नाही. सलग दोन महिन्यांपेक्षा मोठ्या स्ताजला मानधन देणं कायद्याने बंधनकारक आहे, पूर्ण वेळ काम असेल तर महिन्याला ६०० युरोंच्या थोडं वर. जागा शोधताना एक साधी गोष्ट कुणी सांगत नाही: काम पहाटे चार-साडेचारला सुरू होतं आणि पॅरिसची मेट्रो साडेपाचच्या सुमारास. त्यामुळे दुकान चालत किंवा सायकलने जाण्याइतकं जवळ असलेलं बरं. रात्रीच्या बसच्या भरवशावर हिवाळा काढणं कठीण जातं. मेल पाठवून वाट पाहू नका. दुपारी दोन-तीनला, गर्दी ओसरल्यावर, सीव्हीची प्रत घेऊन दुकानात जा, आधी “बोंजूर” म्हणा आणि मग शेफबद्दल विचारा. आधीचं ‘बोंजूर’ राहिलं तर पुढचं काही ऐकून घेतलं जात नाही.

पहिले काही आठवडे शिकवणं वगैरे काही नसतं. ट्रे पुसा, सफरचंदं सोला, बदाम पसरा, साच्यांना लोणी लावा, फरशी घासा. घरी फोनवर हे सांगितलं की आई म्हणायची, एवढे पैसे भरून भांडी घासायला गेलीस का? पण लाबोत शेफही स्वतःचा ओटा स्वतः पुसतो, आणि तुम्ही ओटा कसा ठेवता यावरूनच तुमच्या हाती पोश द्यायची की नाही ते ठरतं. मग एक दिवस एक्लेर, म्हणजे क्रीमच्या लांबट पेस्ट्री, भरायला मिळतात. शंभर, दुसऱ्या दिवशी पुन्हा शंभर. शाळेत बारा एक्लेर सुबक केले होते. इथे शेजारचा एकोणीस वर्षांचा मुलगा माझ्या निम्म्या वेळात सगळे एका वजनाचे करायचा. हात तिथे तयार होतो.

आणखी एक गोष्ट नवख्यांना बुचकळ्यात पाडते, ती फ्रीजरची. थरांचे एंत्रमे केक आठवड्यातून ठरावीक दिवशी मोठ्या संख्येने करतात, गोठवतात आणि लागतील तसे बाहेर काढून ग्लेझ ओततात. आरशासारखा ग्लेझ गोठलेल्या केकवरच नीट बसतो. नाताळचे लाकडाच्या ओंडक्याच्या आकाराचे ‘ब्यूश’ तर कितीतरी आधी तयार होऊन बसलेले असतात. डिसेंबर संपतो न संपतो तोच ‘गालेत दे र्‍वा’ची धामधूम, बदामाचं सारण भरलेल्या त्या गोल पफ पेस्ट्रीची, जिच्यात एक छोटी चिनीमातीची बाहुली लपवतात. सगळा जानेवारी तीच. स्ताज नोव्हेंबर ते जानेवारी मिळाला तर जीव मेटाकुटीला येतो, पण मी तरी तोच काळ निवडायला सांगेन. जुलै-ऑगस्टचा घेऊ नका, अनेक दुकानं ऑगस्टमध्ये चक्क कुलूप लावून सुट्टीवर जातात.

ओरडा बसतो. “वी, शेफ” म्हणून पुढचं काम करायचं, हे मान्य. पण ढकलणं, भांडं फेकणं, रंगावरून बोलणं, कराराबाहेरचे तास रोज राबवून घेणं, हे ‘इथे असंच चालतं’ म्हणून गिळू नका. माझ्या ओळखीतल्या एकीने हे शाळेला लेखी कळवलं, शाळेने करार मोडून तिला दुसरी जागा पाहून दिली. करारावर शाळेची सही असते ती यासाठीच.

सुट्टी बहुधा सोमवारी. तेव्हा पॅरिसच्या मध्यभागी ले आलच्या आसपास भटकावं: कोकियेर रस्त्यावर १८२० पासूनचं देइलरँ, तांब्याच्या पातेल्यांनी खच्चून भरलेलं, आणि मोंतोर्गय रस्त्यावर १७३० मध्ये सुरू झालेलं स्तोहरेर हे पेस्ट्रीचं दुकान. पहिल्या दुकानात काही विकत घेऊ नका, नुसतं बघा. सामान आणताना विमानात २३ किलोंची मर्यादा आठवा. हिंग, कढीपत्ता, तूरडाळ हवी असेल तर गार द्यू नॉर स्टेशनच्या मागे ला शापेलला तमिळ दुकानं आहेत. तिथल्या गणपतीची मिरवणूकही निघते, रस्त्यावर नारळ फुटतात. आपल्या ढोलताशांची सर नाही, पण घरापासून दूर तेवढंही पुष्कळ होतं.

परत आल्यावर खरी परीक्षा मालाची. इथल्या पाकिटातल्या साध्या क्रीममध्ये २५ टक्के स्निग्धांश असतो, ते कितीही फेटलं तरी उभं राहत नाही. ३५ टक्क्यांचं मागवावं लागतं आणि ते महाग. आपलं दुकानातलं नेहमीचं पाकिटातलं लोणी खारवलेलं, शिवाय थर लाटताना चिरतं, म्हणून घडीचं लोणी वेगळं आणावं लागतं. गिऱ्हाईक विचारतं, “एगलेस आहे ना?” जिलेटिनऐवजी अगार (समुद्री शेवाळाचं) घातलं तर पदार्थ घट्ट होतो पण तोंडात विरघळत नाही. मूसपेक्षा फळांच्या जेलीला ते बरं, आणि ग्लेझला पेक्टिन एनएच, म्हणजे फळांपासून काढलेली घट्ट करायची पूड. या सगळ्याची वही फ्रान्समध्ये असतानाच करायला लागा. प्रत्येक कृतीसमोर ‘हे नाशकात कशाने होईल’ असा रकाना आखा आणि तिथले शेफ समोर आहेत तोवर विचारून घ्या. मला पेक्टिनचं उत्तर असंच मिळालं.

क्रुआसाँची खोली मी एसी लावून १८-२० अंशांवर ठेवते आणि लाटायचं काम पहाटेच उरकते. एप्रिल-मे मध्ये त्याच्या ऑर्डरच घेत नाही, वीजबिल परवडत नाही. त्या दोन महिन्यांत हापूसची तार्त करते, तिला एसी लागत नाही आणि गिऱ्हाईकही जास्त मिळतं.