गल्लीत ट्रॅक्टर-ट्रॉली उभी करताना घ्यावयाची काळजी

बेळगावच्या वडगाव, शहापूर, अनगोळ या भागांत शेती आणि शहर यांच्यामध्ये कुंपण नाही. घर गल्लीत, शेत गल्ली संपते तेथून पुढे, आणि ट्रॅक्टर रात्री दारासमोर, अशीच आपल्याकडची रीत आहे. येळ्ळूर, कडोली, उचगाव किंवा खानापूर आणि निपाणीकडील जुन्या गावांत तर बैलगाडीच्या मापाने पडलेल्या गल्ल्यांतून आता पन्नास अश्वशक्तीचे ट्रॅक्टर वळतात. शेतावर ठेवलेल्या ट्रॅक्टरची बॅटरी आणि डिझेल चोरीला जाण्याची धास्ती असते, त्यामुळे तो घरी आणणाऱ्या शेतकऱ्याला दोष देणे योग्य नाही. मात्र घरी आणलेले वाहन कोठे, कसे आणि किती वेळ उभे करावे, हे त्याने नीट ठरवून घेतले पाहिजे.

सुरुवात टेप घेऊन करावी. ट्रॅक्टर साधारण सहा फूट रुंद असतो आणि ट्रॉली त्याहून थोडी अधिक. रुग्णवाहिकेला दोन्ही बाजूंच्या आरशांसह सात-आठ फूट वाट लागते, तर अग्निशमन दलाची मोठी गाडी आठ फुटांहून रुंद असते आणि वळणावर तिला आणखी जागा हवी असते. म्हणून आपले वाहन उभे केल्यावर किमान दहा फूट मोकळा रस्ता उरला पाहिजे, असे माप मी धरतो. हे माप भिंतीपासून भिंतीपर्यंत घेऊ नये. उघडी गटार, समोरच्या घराची पायरी, तुळशीवृंदावन, विजेचा खांब आणि रात्री उभ्या राहणाऱ्या मोटारसायकली वगळून जे उरते तेच खरे माप. पंधरा फुटी गल्लीत ट्रॅक्टर भिंतीला अगदी चिकटवला तरी नऊच फूट उरतात, आणि समोर एक मोटारसायकल आडवी लागली की तेथून रुग्णवाहिका जात नाही. अशा गल्लीत माल उतरवण्यापुरते थांबावे आणि रात्रीसाठी गल्लीच्या तोंडावरील मोकळी जागा, एखाद्या भाऊबंदाचे परडे (घरामागची मोकळी जागा) किंवा खळे पाहावे. मंदिराजवळच्या किंवा गावठाणातील मोकळ्या जागेत वाहन लावायचे असल्यास आधी पंच मंडळींना विचारावे. जागा ग्रामपंचायतीची असेल तर पीडीओंकडे (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे) अर्ज द्यावा.

आपल्या घरासमोरचा रस्ता आपला असतो, हा समज खोटा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १२२ नुसार इतरांना धोका, अडथळा किंवा अकारण त्रास होईल अशा रीतीने सार्वजनिक जागी वाहन अथवा ट्रेलर सोडून जाता येत नाही. कलम १२७ नुसार, सार्वजनिक जागी दहा तास किंवा त्याहून अधिक काळ बेवारस सोडलेले वाहन, तसेच मनाई असलेल्या जागी लावलेले वाहन पोलिसांना ओढून नेता येते आणि तो खर्च मालकावर पडतो. यातला ट्रेलर हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण ट्रॅक्टर दिवसा कामाला जातो, पण सोडून ठेवलेली ट्रॉली आठवडेच्या आठवडे एका जागी उभी असते. शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ नुसार सार्वजनिक वाटेत अडथळा केल्यास ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वळणावर, चौकाजवळ, पुलावर, पदपथावर, शाळा व दवाखान्याच्या दारासमोर, बस थांब्यापाशी आणि दुसऱ्या उभ्या वाहनाच्या बरोबर समोर वाहन लावू नये, हा नियम ट्रॅक्टरलाही तितकाच लागू आहे.

आता उभे करण्याची पद्धत पाहू. शेतात वळताना एकेक ब्रेक वापरता यावा म्हणून दोन पेडल सुटे केलेले असतात. ते जोडणारी कडी शेताबाहेर पडतानाच लावावी, कारण पेडल सुटे राहिले तर अनेक ट्रॅक्टरांत पार्किंग ब्रेक एकाच बाजूचे चाक धरतो. ट्रॅक्टर थांबवल्यावर ब्रेक लॉक करावा, हायड्रॉलिकवर उचललेले अवजार जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करून खालचा गिअर टाकावा आणि चावी काढून घ्यावी. उतार असल्यास मोठ्या चाकाखाली उताराच्या बाजूने लाकडी ठोकळा किंवा चांगला दगड लावावा. ट्रॉली सोडायची असेल तर ठोकळा आधी लावावा आणि पिन नंतर काढावी. हा क्रम कधीही उलटा करू नये. दोन चाकी ट्रॉलीच्या दांड्याखाली जॅक किंवा भक्कम ओंडका हवा, कारण पोरे ट्रॉलीत खेळायला चढणारच, आणि पुढच्या बाजूला वजन गेले की आधार नसलेला दांडा झटक्याने खाली आदळतो.

अवजारांविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. एका पावसाळ्यात आमच्या गल्लीत वीज गेलेली असताना शेजारच्या काकू दुधाची किटली घेऊन भिंतीच्या कडेने येत होत्या. आमचा कल्टिव्हेटर ट्रॅक्टरला जोडलेलाच होता आणि त्याचे फाळ जमिनीपासून हातभर उंचीवर, बरोबर नडगीच्या रेषेत होते. त्यांच्या पायाला सात टाके पडले. त्यांनी आम्हाला एका शब्दानेही बोल लावला नाही, आणि त्याचेच मला अधिक वाईट वाटले. तेव्हापासून आमच्या घरी नियम आहे की नांगर, कल्टिव्हेटर, रोटाव्हेटर किंवा पेरणी यंत्र रात्री गल्लीत राहत नाही; ते सोडून परड्यात ठेवले जाते. अगदीच जमले नाही तर अवजार खाली टेकवून त्याची धार भिंतीच्या बाजूला करावी, टोकांवर जुना टायर किंवा पोते घट्ट बांधावे आणि बाहेरच्या कोपऱ्याला लाल-पांढरी परावर्तक पट्टी चिकटवावी. ट्रॉलीच्या मागे दोन्ही कोपऱ्यांवर लाल परावर्तक असलेच पाहिजेत. चिखलाने माखलेला परावर्तक नसल्यासारखाच, म्हणून रात्री उभे करताना त्यावरून ओले फडके फिरवावे.

ऊस गाळपाच्या हंगामात प्रश्न सर्वांत बिकट होतो. निपाणी, चिकोडी, अथणी, कागवाड या पट्ट्यात ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडून ऊस जातो, आणि कारखान्यात रांग मोठी असली की चालक भरलेली जोडगाडी वस्तीत लावून जेवायला जातात. भरलेली जोडगाडी गल्लीत आणूच नये. ती मागे घेणे अनुभवी चालकालाही जड जाते, आणि बाहेर लोंबणारे ऊस सायकलवरून शाळेला जाणाऱ्या मुलांच्या तोंडाला लागतात. मुख्य रस्त्यावर बिघाड झालाच तर वाहन शक्य तितके कडेला घ्यावे आणि मागे बऱ्याच अंतरावर परावर्तक त्रिकोण ठेवावा. नुसते दगड मांडून ठेवण्याची पद्धत घातक आहे. अंधारात ते दुचाकीस्वाराला दिसत नाहीत, आणि गाडी निघून गेल्यावरही कित्येकदा तेथेच पडून राहतात.

भाताची सुगी झाल्यावर पिंजराने (भाताच्या पेंढ्याने) उंच भरलेली ट्रॉली आणताना वर पाहावे. गल्लीतून घरोघर गेलेल्या विजेच्या तारा बऱ्याच ठिकाणी सैल असतात आणि एका ठिणगीने सगळा भारा पेटू शकतो, म्हणून अशी ट्रॉली तारेखाली रात्रभर ठेवू नये. तार लोंबत असल्यास हेस्कॉमकडे (आपल्या भागातील वीज कंपनीकडे) १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. बांबूने तार उचलून वाट काढू नये.

गटारीवरच्या फरश्या माणसांसाठी व दुचाकींसाठी घातलेल्या असतात. ट्रॅक्टरचे मागचे चाक त्यांवर चढले की फरशी तडकते, आणि पावसाळ्यात तेथेच पाणी तुंबून शेजाऱ्याच्या घरात शिरते. आपल्या चाकाने फुटलेली फरशी आपण स्वतःहून त्याच आठवड्यात बदलून द्यावी.

शिवजयंतीच्या चित्ररथांसाठी आणि गणेश विसर्जनासाठी आपल्याच ट्रॉल्या सजतात. त्या दिवसांत मिरवणुकीच्या मार्गावरील वाहने आदल्या रात्रीच हलवावीत आणि सजावट चालू असलेली ट्रॉली कोठे व कोणत्या दिवसापर्यंत राहणार, हे मंडळाने गल्लीला आधी सांगावे.

एखाद्याचे वाहन नेहमी वाट अडवत असेल तर प्रथम दिवसा, त्याच्या घरी जाऊन, शांतपणे बोलावे. त्याने ऐकले नाही तर गल्लीतील पंचांसमोर विषय मांडावा, आणि त्यानंतरच महापालिकेकडे किंवा पोलिसांकडे छायाचित्र, दिनांक व वेळ यांसह लेखी तक्रार द्यावी. मजकूर मराठीबरोबर कन्नडमध्येही दिल्यास काम लवकर पुढे सरकते. आपल्यालाच कन्नडमधून नोटीस आली तर ती जाणकाराकडून त्याच दिवशी वाचून घ्यावी, कारण उत्तराची मुदत नोटीस मिळाल्यापासून चालू झालेली असते.

ट्रॉलीच्या मागच्या फळीवर आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवर आपला मोबाईल क्रमांक मोठ्या अक्षरांत रंगवून घ्यावा. चावीची जागा घरात ठरलेली असावी, ती घरातील सर्वांना ठाऊक असावी, आणि घराला कुलूप लावून सगळेच लग्नाला किंवा यात्रेला जाणार असतील तर चावी अशा शेजाऱ्याकडे ठेवावी ज्याला ट्रॅक्टर चालवता येतो आणि ज्याच्याकडे त्याचा परवानाही आहे.