डीएमडीच्या मुलाला किती मदत लागते, हे घरी कसं मोजायचं

तपासणीला आलेल्या आईला मी विचारते, "अंघोळ कोण घालतं?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "मीच. त्याला नाही जमत." एवढ्यावरून मला पुढचं काही ठरवता येत नाही. नेमकं काय जमत नाही? मोरीत बसणं, तांब्या भरणं, की तो डोक्यापर्यंत उचलणं? मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. सातारा भागात डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीच्या, म्हणजे डीएमडीच्या मुलांसोबत काम करते. स्नायू हळूहळू अशक्त करणारा हा आजार साधारण ३५०० ते ५००० मुलग्यांमागे एकाला होतो. यात ताकद आधी मांड्यांतून आणि खांद्यांतून जाते, बोटांत मात्र पुष्कळ वर्षं टिकते. त्यामुळे हाताने तांब्या नीट धरणाऱ्या मुलाला तोच तांब्या डोक्यावर ओतता येत नाही. घरचं मोजमाप हा फरक पकडणारं हवं.

एक दोनशे पानी वही घ्या. जेवण, दात घासणं, अंघोळ, कपडे, संडास, जमिनीवरून किंवा पलंगावरून उठणं आणि रात्री कूस बदलणं, एवढी कामं पुरेत. शेवटचं गाळू नका. कूस बदलून द्यायला रात्रीतून कितीदा उठावं लागतं, हे आई सहसा सांगतच नाही. तिला ते काम वाटत नाही. डॉक्टरांना मात्र ते कळायलाच हवं.

आता प्रत्येक कामाचे तुकडे पाडा, आणि ते आपल्या घरातले असू द्या. परदेशी प्रश्नावल्यांत काटा-चमचा आणि बाथटब असतो. आपल्याकडे भाकरी मोडायची असते, वरण-भात कालवायचा असतो, घास तोंडापर्यंत न्यायचा असतो. अंघोळीत उंबरठा ओलांडणं, स्टुलावर बसणं, तांब्या भरणं, उचलणं, साबण लावणं, पाठ चोळणं, अंग पुसणं हे सगळं वेगवेगळं लिहा. भारतीय संडास असेल तर खाली बसणं एक आणि उठणं दुसरं. डीएमडीत उठणं फार आधी अडतं.

प्रत्येक तुकड्यापुढे आकडा टाका. वीफिम नावाच्या मोजपट्टीत १८ बाबी आणि १ ते ७ अशा पायऱ्या असतात. ती रीतसर वापरायला प्रशिक्षण लागतं, पण तिच्या पायऱ्या घरच्या वहीला उत्तम चालतात. ७ म्हणजे पूर्ण स्वतःचं स्वतः. ६ म्हणजे स्वतःच, पण साधन लागतं किंवा वेळ जास्त लागतो. ५ म्हणजे कुणी हात लावत नाही, फक्त शेजारी उभं राहावं लागतं किंवा सामान मांडून द्यावं लागतं. ४ म्हणजे तीन चतुर्थांश किंवा जास्त काम मूल करतं, ३ म्हणजे निम्मं किंवा जास्त, २ म्हणजे पाव ते निम्मं, आणि १ म्हणजे जवळजवळ सगळं दुसरं कुणीतरी करतं.

यातल्या ६ कडे नीट बघा. साधन वापरून केलेलं काम हे स्वतंत्रपणे केलेलंच काम आहे. पितळी तांब्याऐवजी प्लॅस्टिकचा छोटा मग दिला, तो अर्धाच भरला आणि बसायला पाठीची खुर्ची ठेवली, की २ वर असलेला मुलगा ६ वर गेलेला मी पाहिला आहे. पायात ताकद आली नव्हती, हातातही नाही. बदलली ती मोरी. व्हीलचेअर घेतली म्हणून आकडा कमी लिहिणाऱ्या पालकांना मी हेच सांगते: स्वतः चाकं फिरवून तो वर्गात जात असेल तर ६ लिहा.

आकडे दोन रकान्यांत हवेत, 'करू शकतो' आणि 'रोज करतो'. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१च्या वर्गीकरणातही क्षमता आणि प्रत्यक्ष वागणं असा भेद आहे. रविवारी शर्ट स्वतः घालणाऱ्या मुलाला सोमवारी रिक्षा दारात आली म्हणून आजी घालून देते. रविवारचा ६, सोमवारचा १. या दोन आकड्यांमधलं अंतर बहुधा घड्याळाचं असतं, स्नायूंचं नाही, आणि ते रात्रीच शर्टाची वरची दोन बटणं सोडून बाकीची लावून ठेवल्याने भरतं. तेव्हा मोजायला शाळेचा एक दिवस आणि सुट्टीचा एक दिवस घ्या. ताप येऊन गेलेला आठवडा टाळा. आणि आकडा वाढावा म्हणून पुन्हापुन्हा उठवून बसवू नका. डीएमडीचे स्नायू अतिश्रमाने दुखावतात. जे एकदा दिसलं ते लिहा.

मुलालाच विचारा. आठ-नऊ वर्षांचा मुलगा स्वतःचा आकडा सांगू शकतो, आणि तो आईच्या आकड्याहून वेगळा निघाला तर दोन्ही राहू द्या. शेजारी लिहा: ठरवतं कोण? "आधी डावा पाय उचल, मग कंबर" असं तो सांगत असेल, तर अंग दुसऱ्याने हलवलं तरी ते काम त्याच्या मर्जीने झालं. कोणत्याच मोजपट्टीत याला मला पुरेशी जागा दिसलेली नाही आणि मोठ्या मुलांना तर हेच सर्वांत जास्त हवं असतं. जेवतानाचा व्हिडिओ त्याला विचारून काढा. मोरीतला काढूच नका.

वयाच्या तक्त्याशी तुलना करू नका. नागपूरला मॅलिन यांनी भारतीय मुलांसाठी बेतलेली व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता चाचणी आजही वापरात आहे. तिच्या ८९ बाबींतून 'सामाजिक वय' निघतं, म्हणजे मूल रोजचे व्यवहार कितव्या वर्षाच्या मुलाइतके करतं ते. पण डीएमडीच्या मुलाचं ते वय हात-पाय अशक्त झाल्यानेही खाली येतं, मग घरचे त्याच्या बुद्धीवर शंका घेतात. तुमची तुलना त्याच्याच तीन महिन्यांपूर्वीच्या पानाशी. स्टिरॉइड सुरू झालं, हाड मोडलं किंवा चालणं थांबलं, तर वाट न पाहता नवं पान घाला. फिजिओ जी नॉर्थ स्टार चाचणी घेतात, १७ कृतींची आणि ३४ गुणांची, ती चालणाऱ्या मुलांसाठी आहे. चालणं थांबल्यावर ती थांबते, वही चालूच राहते.

आकडे उतरतील. पान फाडू नका, त्याच ओळीत कारण लिहा. अंघोळीच्या दोन-तीन तुकड्यांचा आकडा एकदम खाली आला, तर पुढच्या तारखेपर्यंत न थांबता थेरपिस्टला फोन करा.

शाळेसाठी वेगळं, एकच पान करा. त्यावर वर्गात लागणाऱ्या तुकड्यांपुरतेच आकडे टाका: बाकावरून उठणं, डबा उघडणं, पाण्याची बाटली, संडास. 'संडास' या ओळीपुढे मदत कोणी करावी हे मुलाला विचारून लिहा. हे पान वर्गशिक्षकांच्या हातात जूनमध्ये, पहिल्याच आठवड्यात द्या.