जुनी कार्बोरेटरची गाडी आणि आजचं पेट्रोल: पावसाळ्याआधी काय करावं

इंजिन थंड असताना बॉनेट उघडा. कार्बोरेटरकडं (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनात सोडणाऱ्या भागाकडं) जाणारी पेट्रोलची रबरी पाइप दोन बोटांत धरून हलकेच वाकवा. वाकवलेल्या जागी बारीक भेगा दिसल्या, बोटाला काळं लागलं किंवा पाइप क्लिपजवळ फुगून मऊ पडली असेल, तर ती बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. माझ्या १९९८ च्या गाडीत भेग नेमकी क्लिपच्या कडेखाली लपली होती. गगनबावड्याला निघालो होतो, वाटेत कळे गावाजवळ पेट्रोलचा वास आला म्हणून थांबलो. बघतो तर थेंब थेंब गरम इंजिनाशेजारी पडत होता.

इतकी वर्षं टिकलेली पाइप आताच का गेली? रबर जुनं झालं हे खरंच, पण पेट्रोलही बदललंय. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये साधारण २० टक्के इथेनॉल असतं, आणि त्यातलं काही आपल्या उसाचंच. आपल्या ऊसवाल्या कोल्हापूर जिल्ह्याला त्याचा आनंद आहे, मलाही आहे. फक्त आपल्या जुन्या गाडीचं रबर, सील आणि टाकी या पेट्रोलसाठी बनलेली नाहीत. एप्रिल २०२३ पासून येणाऱ्या नव्या गाड्यांत हे सुटे भाग इथेनॉल सोसतील असे घातलेले असतात. म्हणून दुकानात नुसती 'पेट्रोल पाइप' मागू नका, इथेनॉलला चालणारी मागा आणि पाइपवरचा छापील मजकूर वाचून घ्या. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी तुकडे आणि क्लिपा एकदमच बदला. बदलताना बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. एमपीएफआय गाडीत, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल सोडणाऱ्या गाडीत, पाइपमध्ये बराच दाब असतो, तिथं हात न घालता काम मिस्त्रींकडंच द्या.

पुढचं काम पेट्रोलच्या फिल्टरचं. इथेनॉल टाकीत वर्षानुवर्षं बसलेला गाळ सुटा करतं आणि तो फिल्टरात येऊन अडकतो. चढावर गाडी दम टाकायला लागली की लोक स्पार्क प्लग बदलत बसतात. आधी फिल्टर बघा, तो स्वस्तात बदलून होतो.

मग ट्यूनिंग. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळं कार्बोरेटरच्या त्याच जेटमधून (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रातून) येणारं मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. नव्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हे ओळखतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरला तसं काही कळत नाही. सकाळी जास्त वेळ चोक ओढावा लागणं, ॲक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळणं, जास्त तापणं ही त्याची लक्षणं. मिक्श्चरच्या स्क्रूनं आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनाचं चालणं) सुधारतं, पण वेगात अडखळत असेल तर मेन जेट एक नंबर मोठा घालावा लागू शकतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आजही असे जुने हात आहेत, जे प्लगचा रंग बघून मिश्रण सांगतात: फिकट पांढरा असला तर पातळ, काळा काजळलेला असला तर जाड, आणि विटकरी-तपकिरी असला तर बरोबर. अशा मिस्त्रींकडं अर्धा दिवस गाडी ठेवून समोर उभे राहा. थोडं ॲव्हरेज कमी होईल ते मात्र मान्य करा. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी असते.

ऑइलच्या बाबतीत एक चूक फार होते. नव्या इंजिनांना ०डब्ल्यू-२० सारखं पातळ ऑइल लागतं, कारण त्यांच्या हलत्या भागांमधल्या फटीच तितक्या बारीक असतात. 'महागाचं ते चांगलं' म्हणून तेच जुन्या, झिजलेल्या इंजिनात ओतलं तर ऑइलचा दाब उतरतो आणि सीलमधून गळती लागते. गाडीच्या पुस्तकात २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० लिहिलं असेल तर तेच घाला.

आपल्याकडच्या पावसात गाडी महिनाभर दारात उभी राहणार असेल, तर टाकी भरून ठेवा. रिकाम्या टाकीत दमट हवा शिरते, इथेनॉल तिच्यातलं पाणी ओढून घेतं, आणि ते जास्त झालं की पाणी-इथेनॉलचा वेगळा थर तळाशी बसतो. पत्र्याची टाकी तिथूनच गंजते. पंधरवड्यातून एकदा तरी गाडी काढा आणि इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत चालवा.