पाणी घटलं म्हणून टाकीत खारं पाणी ओतू नका

बेळगाव, खानापूरकडे क्लाउनफिश हा खाऱ्या पाण्यातला मासा पाळायला घेतलेल्या नव्या माणसाची हमखास होणारी चूक म्हणजे ही. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी बोटभर खाली उतरतं आणि तो मिठाचं पाणी कालवून भर घालतो. अहो, वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी, मीठ आतच राहतं! म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची, तीही आरओच्या. बोअरचं जड पाणी घातलंत तर शेवाळ माजलंच म्हणून समजा. काचेवर मार्करने रेघ मारा आणि रोज तिथपर्यंतच भरा.

खारं पाणी लागतं ते टाकीतलं पाणी बदलताना. लिटरला साधारण 35 ते 38 ग्रॅम मरीन सॉल्ट (अशा टाक्यांसाठी मिळणारं समुद्री मीठ) घाला, रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारेपणा मोजायच्या उपकरणावर, विशिष्ट घनता 1.025 च्या आसपास दिसली पाहिजे. स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही.

चोर्ला घाट उतरून गोव्याहून दोन कॅन समुद्र आणावा, असा मोह मलाही झाला होता. पावसाळ्यात तर नकोच. नद्यांचं पाणी मिसळून किनाऱ्यालगतचा खारेपणा घसरलेला असतो.

डिसेंबरात आपल्याकडच्या रात्री गार. हीटर 26 अंशांवर ठेवा आणि लाईट जाते हे धरूनच बॅटरीवरचा एअर पंप जवळ असू द्या. बाकी मासा चिवट आहे, समुद्रात ज्याच्या आसऱ्याने राहतो त्या समुद्रफुलाशिवायही (सी अ‍ॅनिमोन) मजेत राहतो.