दोन ढोल खरंच जुळलेत का, आकड्यात कसं मोजायचं

गणपतीच्या आधी नदीपात्रात पथकांची प्रॅक्टिस चालू असते ना, तिथेच मला हा किडा चावला, की ढोल "जुळलेत" म्हणतो आपण, पण किती?

दोन मोबाईल घ्या, एकेक ढोलाजवळ ठेवा, रेकॉर्डिंग सुरू झालं की दोघांच्या बरोब्बर मधे उभं राहून एक जोरात टाळी, नाहीतर नंतर फाइली जुळवताना रडाल (मी रडलोय). मग ऑडॅसिटीत (आवाजाच्या फाइली बघायचं-कापायचं सॉफ्टवेअर) ठोक्यांच्या वेळा टिपायच्या. एका ठोक्यापासून पुढच्यापर्यंत फेज, म्हणजे दोन ठोक्यांच्या मधे आपण कुठवर आलोय ते, 0 ते 360 अंश. समजा पहिल्याचे ठोके 10.00 आणि 10.60 सेकंदाला, दुसऱ्याचा 10.05 ला, तर फरक 0.05 भागिले 0.60 गुणिले 360, म्हणजे 30 अंश.

प्रत्येक फरकाचा, तितक्या अंशांच्या दिशेला, 1 लांबीचा बाण वर्तुळावर काढा आणि बाणांची सरासरी घ्या (एकाच्या टोकाला दुसऱ्याची शेपटी जोडत बेरीज, भागिले बाणांची संख्या), अंशांची नको, 359 आणि 1 ची सरासरी 180 येते, काय उपयोग! सरासरी बाणाची लांबी 1 च्या जवळ म्हणजे फेज लॉक, फरक जवळपास कायम तोच, 0 च्या जवळ म्हणजे ज्याचा त्याचा ताल. कायम 30 अंश मागे असला तरी 1च येणार, तेही जुळणंच.

खरी गोची पुढे आहे. दोघंही ताशा ऐकतायत, म्हणजे एकमेकांचं न ऐकताही आकडा मस्त येतो. म्हणून ताशा थांबवून परत मोजा, आणि एक ढोल आजचा, दुसरा कालचा अशीही जोडी लावून बघा. या आज-कालच्या जोडीत कोणी कोणाला ऐकणं शक्यच नाही, तरी तिथेही 0.9 आला तर आधीच्या 0.9 ला काही अर्थ नाही, रेकॉर्डिंग अजून लांब घ्या.