गोदाकाठी प्लॉटची लेव्हल घेताना या चुका टाळा

नाशिकमध्ये गोदावरीचा पूर किती चढला हे आजही रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगितले जाते. पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीपर्यंत आले, एवढे ऐकले की गावाला अंदाज येतो. २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांविषयी बोलतानाही जुनी माणसे हेच माप वापरतात. रामकुंड परिसरासाठी हे माप उत्तम आहे. परंतु सोमेश्वरजवळच्या किंवा टाकळीकडच्या प्लॉटवर जोते किती उंच घ्यावे, हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी लेव्हलिंग, म्हणजे यंत्राने उंचीतले फरक मोजण्याचे कामच करावे लागते, आणि त्यातील सर्वांत महागात पडणाऱ्या चुका बहुधा यंत्रावरच्या वाचनाच्या नसतात. उंची जेथून मोजायला घेतली, त्या आधाराच्या असतात.

साइटवरचा रिवाज असा की कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाचा चौथरा किंवा शेजारच्या इमारतीचे जोते १००.००० मीटर धरायचे आणि पुढचे सगळे आर. एल. (आधारापासून काढलेल्या उंच्या) त्यावरून काढायचे. कॉलम, स्लॅब आणि जिन्यापुरते हे चालते. जलसंपदा विभागाच्या पूररेषेच्या नकाशावरील पातळ्या मात्र समुद्रसपाटीपासून दिलेल्या असतात, आणि नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून थोड्या कमी उंचीवर आहे. म्हणजे नकाशावर पाचशेच्या घरातला आकडा आणि आपल्या ड्रॉइंगवर शंभराच्या घरातला. या दोहोंची सांगड घातल्याखेरीज आपले जोते पाण्याच्या वर आहे की खाली, हे कोणालाच सांगता येणार नाही. सांगड घालायची ती सर्वे ऑफ इंडियाच्या बेंचमार्कपासून (समुद्रसपाटीपासूनची उंची ठरवून दिलेल्या पक्क्या खुणेपासून), किंवा पूररेषा आखताना विभागाने ज्या बेंचमार्कवरून काम केले त्यापासून. माझ्या मते दुसरा पर्याय अधिक सुरक्षित, कारण तुलना त्या नकाशाशीच करायची आहे.

त्या नकाशावरची निळी रेषा साधारणपणे २५ वर्षांतून एकदा आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची असते. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात बांधकाम करायचे तर ते लाल रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर उंच घेण्याची अट एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत आहे. येथे आणखी एक घोटाळा होतो. पुराच्या पाण्याला नदीबरोबर उतार असतो, त्यामुळे होळकर पुलापाशी लिहिलेली पातळी वरच्या अंगाच्या गंगापूर रोडच्या प्लॉटला लावली तर जोते खाली राहते. प्लॉटच्या वरचा आणि खालचा असे नदीचे दोन्ही छेद घेऊन, तेथील पूरपातळ्यांवरून मधली पातळी काढावी. नासर्डी किंवा वालदेवीच्या काठी प्लॉट असेल तर त्या नदीच्या पुराबरोबरच गोदावरीचा फुगवटाही पाहावा लागतो.

जीपीएसचा आकडा थेट वापरणे ही अलीकडे वाढलेली चूक आहे. उपग्रहावरून मिळणारी उंची पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची असते, समुद्रसपाटीपासूनची नव्हे, आणि आपल्या भागात या दोहोंत साठ मीटरांच्या आसपास फरक पडतो. हा फरक न मिळवता आलेले ड्रॉइंग ओळखणे सोपे असते, कारण सगळा प्लॉट अचानक खोल गेलेला दिसतो. खरा धोका अर्धवट दुरुस्तीचा असतो. यंत्रात निराळे जिऑइड मॉडेल (हा फरक ठिकाणानुसार देणारे कोष्टक) भरलेले असेल तर आकडा पटण्याजोगा येतो आणि तरीही चुकीचा असतो. म्हणून त्याच यंत्राने आधी ज्ञात बेंचमार्कची उंची घेऊन पाहावी. संगणकावरच्या उपग्रह-नकाशातून उचललेल्या उंचीने जोते ठरवण्याचा तर विचारच करू नये. तिच्यात काही मीटरांची चूक सहज असते.

आता ज्या चुकीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते तिच्याविषयी. लेव्हलिंग निघाल्या बिंदूवर परत आणून बंद केले आणि फरक मर्यादेत आला की काम बिनचूक झाले, अशी समजूत आहे. अचूक कामासाठी ही मर्यादा १२√कि.मी. मिलिमीटर धरतात, म्हणजे दोन किलोमीटरच्या फेरीला सुमारे १७ मिलिमीटर. परंतु ऑटो लेव्हलची, म्हणजे लेव्हलिंगच्या दुर्बिणीची, दृष्टिरेषा आडवी नसेल, तर उतारावर ही परीक्षा फसते. चढावर जाताना मागचा स्टाफ (आकडे लिहिलेली उभी पट्टी) लांब आणि पुढचा जवळ ठेवावा लागतो, उतरताना नेमके उलटे होते. त्यामुळे जाताना जितका चढ जास्त मोजला जातो, तितकाच उतार परतताना जास्त मोजला जातो आणि हिशेब शून्यावर येतो. चूक मात्र वरच्या बिंदूच्या उंचीत तशीच राहते.

ती पकडायची रीत साधी आहे. साठ मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोकून यंत्र बरोबर मध्ये लावावे. समजा वाचने १.४१५ आणि १.२३० आली, तर खरा फरक ०.१८५. मग यंत्र पहिल्या खुंटीजवळ नेले आणि तेथे १.५२० वाचले, तर दुसरीवर १.३३५ यायला हवे. १.३४७ आले तर साठ मीटरांत १२ मिलिमीटर चूक आहे. बॅकसाइट (मागच्या स्टाफकडची नजर) ६० आणि फोरसाइट (पुढच्या स्टाफकडची) २० मीटरची असेल तर ही चूक यंत्राच्या एका मांडणीला ८ मिलिमीटर आणि दहा मांडण्यांना ८ सेंटिमीटर होते, ०.४५ मीटरच्या राखीव उंचीतला जवळजवळ पाचवा हिस्सा गेला. यंत्र दुरुस्तीला पाठवेपर्यंत दोन्ही अंतरे पावलांनी मोजून सारखी ठेवली, तरी ही चूक आपोआप कटते.

फेरी बंद करताना फरक मर्यादेबाहेर गेल्यास आधी आकडा न्याहाळावा. बरोबर १० सेंटिमीटर किंवा एक मीटरचा फरक असेल तर वाचन चुकले आहे. विचित्र पण मोठा आकडा असेल तर घडीच्या स्टाफचा जोड नीट बसला नसावा. बॅकसाइटच्या वाचनांच्या बेरजेतून फोरसाइटच्या वाचनांची बेरीज वजा करून पडताळा जुळला म्हणून समाधान मानू नये. त्याने फक्त लेव्हल बुकातली बेरीज-वजाबाकी तपासली जाते. स्टाफ मागेपुढे हलवून सर्वांत कमी वाचन घ्यावे. तात्पुरता बेंचमार्क काळ्या जमिनीत खुंटी ठोकून करू नये, कारण ती माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. रस्त्याच्या पृष्ठभागावरही नको. सिंहस्थाच्या कामांत रस्त्यावर नवा थर पडतो आणि बेंचमार्क त्याखाली जातो. जुन्या मोरीचा दगडी कठडा किंवा देवळाची पायरी बरी.

शेवटी, नदीपासून दूर असल्याने प्लॉट सुरक्षित मानण्यापूर्वी पावसाळी गटाराची लेव्हल घ्यावी. सराफ बाजारात पाणी शिरते त्याला सरस्वती नाल्याचे कारण आहे. गोदावरी फुगली की नाल्याचे पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही. तळघरातील पार्किंग आखताना जवळच्या चेंबरच्या तळाची आणि ते गटार जेथे नदीला मिळते त्या तोंडाची, अशा दोन्ही लेव्हल त्याच बेंचमार्कवरून घ्याव्यात. तळघराच्या उतरणीचा माथा पूरपातळीच्या खाली येत असेल, तर पंप किती अश्वशक्तीचा बसवावा या चर्चेआधी तो माथा वर उचलावा.