लॅपटॉपवर लोकल सर्व्हर निवडताना या चुका टाळा

लोकल सर्व्हर म्हणजे साइट आपल्याच लॅपटॉपवर चालवून बघायची सोय. पण चार पानांची साधी एचटीएमएल साइट आणि तिच्यासाठी झॅम्प या तयार पॅकेजचं अख्खं बिऱ्हाड! अपाचे हा वेब सर्व्हर, मारियाडीबी हा डेटाबेस, पर्ल ही भाषा, सगळं आलं. ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर मग पंखा घरघरतो आणि आपण अपाचेला शिव्या घालतो. आधी बघा, तुमच्या कोडला खरंच काय लागतं.

नुसतं एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट असेल तर पायथनमधलाच छोटा सर्व्हर पुरतो. फाइलवर डबल-क्लिक करून पान उघडू नका. पत्ता 'फाइल'ने सुरू झाला की ब्राउझर जावास्क्रिप्टची मॉड्यूल्स अडवतो आणि बिघाड कोडमध्ये शोधण्यात संध्याकाळ जाते.

मात्र हा सर्व्हर आपणहून साऱ्या नेटवर्कसाठी दार उघडं ठेवतो. मी एकदा तो चुकून डाउनलोड्सच्या फोल्डरमधून चालू केला. त्याच वायफायवरच्या मित्राच्या फोनवर पान उघडून बघितलं, तर आधारच्या स्कॅनपासून वीजबिलापर्यंत सगळी यादी समोर! इंडेक्स फाइल, म्हणजे साइटचं पहिलं पान, नसली की तो फोल्डरच दाखवतो. तेव्हापासून कमांडमध्ये 'बाइंड' या पर्यायापुढे १२७.०.०.१, म्हणजे 'फक्त हाच लॅपटॉप', लिहिल्याशिवाय मी एंटर दाबत नाही.

पीएचपी शिकताय? २०१२ च्या ५.४ आवृत्तीपासून तिच्यात स्वतःचा सर्व्हर आहे. तो सुरू करायच्या कमांडमध्ये 'एस' कॅपिटलच हवा. छोटा दिलात तर ती कमांडमधला 'लोकलहोस्ट' हा पत्ता फाइलचं नाव समजून शोधत बसते आणि सापडत नाही म्हणून कुरकुरते. हा सर्व्हर आपणहून एका वेळी एकच विनंती हाताळतो. त्यामुळे तुमचं पान त्याच सर्व्हरकडे दुसरं पान मागत असेल, तर दोघं एकमेकांची वाट बघत लटकतात. शिवाय तो अपाचेचे नियम लिहायची एचटीॲक्सेस फाइल वाचतच नाही. तिच्यात लावलेलं कुलूप इथे उघडंच. हा फक्त घरच्या वापराचा, गिऱ्हाइकाला दाखवायचा नव्हे.

झॅम्पच हवा असेल आणि अपाचे सुरू होत नसेल, तर रीइन्स्टॉल करू नका. बहुतेकदा पोर्ट ८०, म्हणजे वेबचा ठरलेला दार-क्रमांक, दुसऱ्या प्रोग्रामने धरलेला असतो. 'नेटस्टॅट' या कमांडला ए, एन, ओ हे पर्याय देऊन पोर्टसमोरचा पीआयडी, म्हणजे प्रोग्रामचा क्रमांक, बघा. तो ४ असेल तर विंडोजची स्वतःची एचटीटीपी सेवा आहे, तिच्या वाटेला जाऊ नका. अपाचेच्या कॉन्फिगमध्ये 'लिसन ८०' चं ८०८० करा आणि पत्त्यातही तेच लिहा. मॅकवाल्यांना पोर्ट ५००० भरलेलं दिसलं तर सेटिंगमधला एअरप्ले रिसीव्हर तपासा.

झॅम्पमधला डेटाबेस, तिथल्या पॅनेलवरचं मायएसक्यूएल, बंद पडलं की 'आयबीडेटा१ उडवा, चालू होईल' असा सल्ला हमखास मिळतो. चालू होतंही, फक्त त्या फाइलीवर अवलंबून असलेली तुमची इनोडीबी टेबलं, म्हणजे तुमचा डेटा, मात्र जातात. आधी सर्व्हर थांबवून डेटा फोल्डरची पूर्ण कॉपी घ्या, मग एरर लॉग वाचा.

प्रोजेक्टला लागणारं सगळं वेगळ्या डब्यात चालवणारा डॉकर वाईट नाही, पण विंडोजवर तो सहसा डब्ल्यूएसएलमधून, म्हणजे विंडोजमधल्या लिनक्समधून, चालतो आणि ते अर्ध्या रॅमपर्यंत हातपाय पसरतं. मर्यादा डब्ल्यूएसएलकॉन्फिग फाइलमध्ये घालता येते. ४ जीबीवर मी तरी त्याच्या नादी लागणार नाही.

आणि फाइलींची नावं सुरुवातीपासून छोट्या लिपीतच ठेवा. विंडोजला लोगोचा 'एल' कॅपिटल की छोटा याचं काही नसतं, पण लिनक्सला असतं. साइट होस्टिंगवर, म्हणजे बहुधा लिनक्सवर, चढवली की तिथेच चित्रं गायब होतात.